दुधातला युरिया जागेवर मोजायचाय: चिप ठरली, पट्टीचं काय?

कुपवाडचा_करंट
शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. वजनकाटे, टेंपरेचर कंट्रोलर, दूध संकलन केंद्रांवरच्या मशीनचे डिस्प्ले आणि पॉवर सप्लाय, असली कामं. दुरुस्तीच्या निमित्ताने पलूस, भिलवडी, तासगाव भागात फिरणं होतं आणि एकच प्रश्न कानावर पडतो: फॅट सांगता, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) सांगता, युरियाचं काय?

सध्या केंद्रावर युरियाची भेसळ पकडायला डीएमएबी नावाच्या रसायनाचं द्रावण घालून पिवळा रंग बघतात. अडचण अशी की चांगल्या दुधालाही फिकट पिवळा रंग येतो, कारण युरिया दुधात मुळातच असतो. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, मर्यादा ७०० पीपीएम, म्हणजे १०० मिलीला ७० मिलिग्रॅम. पहाटे साडेपाचला ट्यूबलाइटच्या उजेडात ६० कुठला आणि ८० कुठला हे डोळ्याला काय कळणार? मग वाद.

माझ्या डोक्यात शुगरच्या मशीनसारखं काहीतरी आहे. पट्टी खोचायची, थेंब लावायचा, आकडा वाचायचा. सर्किटची बाजू मी बघितली आहे. अ‍ॅनालॉग डिव्हायसेसची एडी५९४० मालिका आहे, तिच्या एकाच चिपमध्ये पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडवर ठरलेला व्होल्टेज ठेवून करंट मोजणारं सर्किट), २०० किलोहर्ट्झपर्यंत इम्पिडन्स म्हणजे एसीला होणारा अडथळा मोजायची सोय आणि सिग्नलचा आकडा करणारा १६ बिटचा एडीसी मिळतो. शेजारी ब्लूटूथवाला मायक्रोकंट्रोलर, एक लिथियम सेल, झालं. हे मला जमतं. पुढचं सगळं ओलं काम आहे आणि तिथं माझी पाटी कोरी. सेन्सर कुठल्या प्रकारचा धरायचा? पट्टी कोण करून देतं? आणि अशा पट्ट्यांत थेंब आत नेणाऱ्या त्या केसासारख्या वाहिन्या लागतातच का?

सोल्डरगन
शनिवार, रात्री १०:१५

चिपची निवड बरोबर. फक्त ऑर्डर करताना एडी५९४० नको, एडी५९४१ घ्या. आतला जीव एकच, पण ५९४० चे पाय म्हणजे पोटाखालचे बारीक गोळे, हाताने लावायला जाल तर रडाल. ५९४१ चौकोनी आणि कडेला पॅड असलेली आहे, हॉट एअरवर बसते.

नुसता डीसी करंट मोजायचा असता तर टेक्सासचा एलएमपी९१००० पुरला असता. इम्पिडन्स मोजायचा असेल तर तुमचीच चिप बरी.

दुसरं, मायक्रोकंट्रोलर म्हणून ईएसपी३२ वापरायचा विचार असेल तर त्याच्या अंगच्या एडीसीवर विसंबू नका, दोन्ही टोकांना वाकडा आहे. वायफाय पाठवताना तो एकदम करंट ओढतो, सप्लाय डुलतो आणि नेमका त्याच क्षणी तुमचा मायक्रोअँपिअरचा सिग्नल चालू असतो. आधी मोजा, मग रेडिओ चालू करा. हे फर्मवेअरमध्ये पहिल्या दिवशीच पक्कं करा.

इलेक्ट्रोडसाठी वेगळी पट्टी कशाला? पीसीबीवरच सोन्याचा मुलामा देऊन दोन बोटं काढा. पीसीबीवाला करून देतो, स्वस्तही पडेल.

ओघळ
रविवार, सकाळी ७:०५

मूळचा विश्रामबागचा, सध्या परदेशात सूक्ष्मवाहिन्यांवरच काम करतो. धागा बघून झोप उडाली.

सोल्डरगन, पीसीबीवरच्या सोन्याबद्दल थांबा. नेहमीच्या इमर्शन गोल्डचा थर ५० ते १०० नॅनोमीटर असतो. खाली निकेल, त्याखाली तांबं. त्या पातळ थराला सुईच्या टोकाएवढीही नाहीत अशी भोकं असतात. कोरड्या कनेक्टरला फरक पडत नाही. दूध लागलं की क्लोराइड त्या भोकांतून आत शिरतं, निकेल-तांबं सुटायला लागतं आणि तुम्ही मोजता तो करंट युरियाचा की गंजाचा हे कळत नाही. जाड हार्ड गोल्ड सांगितलं तर चालेल, पण मग पट्टी फेकायची म्हणताना जीव वर-खाली होईल.

याहून मोठी अडचण वेगळी आहे. युरिया ओळखायचा तर युरीएझ हे एन्झाइम लागणार. ते युरिया फोडून अमोनियम आणि बायकार्बोनेट करतं. हे एन्झाइम चांदी, तांबं आणि पारा यांच्या आयनांनी मरतं, आणि तेही फार थोड्या प्रमाणात. म्हणजे बोर्डवरचं उघडं तांबं तुमच्या सेन्सरला विष घालणार.

आता सेन्सरचा प्रकार. मला तीन वाटा दिसतात.

पहिली पीएचची. युरिया फुटला की पीएच वाढतो, तो आयएसफेटने, म्हणजे द्रवातले आयन ओळखणाऱ्या ट्रान्झिस्टरने मोजायचा. हा ट्रान्झिस्टर बर्गवेल्ड यांनी १९७० मध्ये मांडला. चिप आणि द्रव यांची इतकी थेट गाठ दुसरीकडे नाही, ट्रान्झिस्टरच्या गेटलाच पाणी लागतं. पण दुधात केसीन, फॉस्फेट, सायट्रेट ठासून भरलेत, ते पीएच हलूच देत नाहीत. शिवाय आयएसफेट सरकत राहतो आणि त्याला रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे तुलनेसाठी स्थिर राहणारा इलेक्ट्रोड लागतो. रेफरन्स म्हणजे चांदी आणि सिल्व्हर क्लोराइड. परत चांदी.

दुसरी वाट अमोनियम पकडणाऱ्या पडद्याची. त्यात अमोनियम धरून ठेवणारं नोनॅक्टिन हे रसायन वापरतात. ते पोटॅशियमलाही फसतं, साधारण दहास एक या प्रमाणात. गाईच्या दुधात पोटॅशियम लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ३८ मिलिमोलर. हिशेब केला तर युरिया नसताना १०० मिलीला ११-१२ मिलिग्रॅम युरिया असल्याचा भास होईल. आणि पोटॅशियम जनावरागणिक बदलतं.

तिसरी वाट विद्युतवाहकतेची, आणि मी तिच्यावर पैसे लावीन. युरियाला भार नाही, तो करंट वाहत नाही. फुटल्यावर मात्र प्रत्येक रेणूमागे दोन अमोनियम आणि त्यांचे जोडीदार तयार होतात, वाहकता वाढते. ती एसीवर मोजायची, १० किलोहर्ट्झच्या आसपास. रेफरन्स इलेक्ट्रोड लागत नाही, म्हणून ओल्या भागात चांदीचं कामच उरत नाही. साधी कार्बनची शाई पुरते.

आंबट_द्राक्ष
रविवार, सकाळी ८:३०

सोनं हवं असेल तर विट्याला कळवू का? आमची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी मंडळी देशभर आहेत, गंजाची गॅरंटीसुद्धा देतील.

चेष्टा राहू द्या. मुळात हे कशाला? मोठ्या डेअरीत इन्फ्रारेड प्रकाशाने दूध तपासणारं एफटीआयआर मशीन असतं, ते फॅट-प्रोटीनबरोबर युरियाही सांगतं. गावातल्या संस्थेने परत पट्टीवर खर्च का करायचा? या "खिशातली लॅब" प्रकाराची मला ॲलर्जी आहे. द्राक्षात बघा. मध्ये एक जण बागेत येऊन कीटकनाशकाची पट्टी विकत होता. कोलिनएस्टरेझ एन्झाइमवर चालणारी. ती ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतली कीटकनाशकं पकडते, बाकी काही नाही. २०१० साली युरोपात आपली द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधामुळे, म्हणजे आपण सीसीसी म्हणतो ते. ही पट्टी त्या मालाला बिनधास्त पास करणार. शेतकरी पट्टी बघून निवांत आणि कंटेनर तिकडे बंदरात.

ओघळ
रविवार, सकाळी ९:१०

आंबट, उदाहरण एकदम चपखल, आणि ते इथं लागू होत नाही म्हणून सांगतो. तुमच्या पट्टीत एन्झाइम *मरतं* की नाही ते बघतात. ते कशानेही मरू शकतं आणि बऱ्याच विषांनी मरत नाही. युरीएझमध्ये एन्झाइम फक्त युरियाच *खातं*. निवड एन्झाइम करतं, इलेक्ट्रॉनिक्स मोजतं. शुगरच्या पट्टीचंही हेच. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेझ इलेक्ट्रोडवर बसवलं, पेनाएवढं मशीन १९८७ ला बाजारात आलं. मधली पंचवीस वर्षं बहुतेक पट्टीनेच खाल्ली.

एफटीआयआरबद्दल बरोबर बोललात. पण ते टँकर डेअरीत पोचल्यावर. तोवर गावातलं सगळं दूध एक झालेलं असतं.

सूक्ष्मदर्शी
रविवार, दुपारी २:२०

मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. आमच्याकडे रक्तातला युरिया युरीएझनेच होतो, त्यामुळे हे एन्झाइम ओळखीचं. माझ्या बाजूने दोन गोष्टी.

आयसीयूत हातात धरायचं रक्त तपासायचं यंत्र असतं, आय-स्टॅट, १९९२ पासूनचं. त्याच्या कार्ट्रिजमध्ये सिलिकॉनवरचे सेन्सर आणि एक छोटी पुडी असते, तिच्यात माहीत असलेलं द्रावण. यंत्र आधी पुडी फोडून ते द्रावण सेन्सरवरून नेतं, स्वतःला तपासतं, मगच रक्त पुढे ढकलतं. म्हणजे दर वेळी नवं कॅलिब्रेशन. भारीतलं भारी यंत्रही पट्टीवर आंधळा विश्वास ठेवत नाही. आणि ते १६ ते ३० अंशांतच चालतं, कार्ट्रिज फ्रीजमध्ये ठेवायची. आमच्याकडे एसी असतो. पलूसच्या केंद्रावर एप्रिलमध्ये काय कराल?

दुसरं, रक्तातल्या शुगरच्या पट्टीलाही फसवणारे असतात. काही पट्ट्यांतलं ग्लुकोज डीहायड्रोजनेझ माल्टोजलाही ग्लुकोज समजायचं. पोटाचं डायलिसिस करणाऱ्या पेशंटच्या द्रावणातून माल्टोज तयार व्हायचं, शुगर खोटी जास्त दिसायची आणि इन्सुलिन जास्त दिलं जायचं. अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये यावर इशारा काढला होता. तुमच्या दुधात फसवणारं काय काय आहे त्याची यादी आधी करा, बोर्ड नंतर.

कुपवाडचा_करंट
रविवार, रात्री ८:५०

ताई, नेमकं हेच पाहिजे होतं. ओघळ, तिसरी वाट धरतो. पण दुधाची वाहकता काय एक असते का? मस्टायटिस म्हणजे कासदाह झालेल्या गाईची वाढते, त्यावरच काही मशीन मस्टायटिस ओळखतात. आणि तापमान? धारेचं दूध ३५ अंशाला येतं, कुणाचं घरून येईपर्यंत गार होतं.

ओघळ
रविवार, रात्री ११:००

म्हणूनच एक नाही, दोन कप्पे. एका थेंबातून दोन्ही भरतील अशी फाट्याची वाहिनी. एका कप्प्याच्या तळाला युरीएझ वाळवलेलं, दुसरा कोरा. मोजायचा तो दोघांतला फरक. मस्टायटिस, मीठ, कुणी पाणी घातलं असेल ते, सगळं दोन्ही कप्प्यांत सारखंच असतं, वजाबाकीत जातं.

तापमानाचं थोडं जपून. वाहकता अंशाला साधारण २ टक्क्यांनी बदलते. दुधाची वाहकता सेंटिमीटरला ५ मिलिसीमेन्स धरली तर एका अंशाला ०.१. कागदावरच्या हिशेबाने हा २-३ मिलिग्रॅम युरियाचा घोळ झाला. दोन्ही कप्पे शेजारी-शेजारी असल्याने यातलं बरंचसं कटतं, तरी पट्टीच्या खाली तापमान मोजायला एक थर्मिस्टर हवाच.

आता वाहिनीची उंची. इथं माझी पोटापाण्याची विद्या येते. एवढ्या अरुंद जागेत द्रव ढवळला जात नाही, थर थरावरून नुसता सरकतो. युरियाला तळाच्या एन्झाइमपर्यंत आपसूक पसरत जायचं असतं आणि लागणारा वेळ उंचीच्या वर्गाने वाढतो. कप्पा ५०० मायक्रॉन उंच असेल तर दीड मिनिट. २०० मायक्रॉन केला तर १५ सेकंद. मग ५० मायक्रॉनच का नाही? कारण उंची कमी केली की प्रवाहाचा अडथळा तिच्या घनाच्या पटीत वाढतो. उंची निम्मी केली की आठपट. वर दुधातल्या फॅटचे गोळे, म्हशीच्या दुधात ते मोठे असतात, १० मायक्रॉनच्या पुढेही जातात. २०० वर थांबा.

सोल्डरगन
सोमवार, सकाळी १०:३०

मान्य, सोनं मागे घेतो. एसीवर मोजायचं ठरलं हे सर्किटवाल्याच्या फायद्याचं आहे. नॅनोअँपिअर डीसी मोजायचा म्हणजे सोल्डरिंगच्या फ्लक्सचा डाग राहिला तरी बोंब, गळका करंट अडवायला गार्ड रिंग आखा, बोर्ड धुवा, पावसाळ्यात परत धुवा. इथं सिग्नल दणदणीत आहे.

एक जागा मात्र राहते, पट्टी जिथं मशीनमध्ये खोचतो ती. तिथं दूध ओघळून वाळलं की कनेक्टरच्या दोन पिनांत रस्ता तयार होतो. पट्टी लांब ठेवा, थेंबाची जागा आणि पिना यांत निदान दोन-अडीच सेंटिमीटर. आणि कनेक्टर बदलता येईल असा, चार स्क्रूवर. संस्थेतला पोरगा ओल्या हाताने खोचणार हे धरूनच चाला.

कुपवाडचा_करंट
सोमवार, दुपारी १२:१०

पट्टी प्रत्यक्षात करायची कशी पण? पीडीएमएस, क्लीनरूम, प्लाझ्मा असं वाचलं की घाम फुटतो.

ओघळ
सोमवार, रात्री १०:४५

पीडीएमएस, म्हणजे वाहिन्या ओतायला वापरतात ते सिलिकोन रबर, विसरा. प्रयोगशाळेत छान, पण त्याला पाणी आवडत नाही. प्लाझ्माने पाणी ओढायला लावला तरी काही दिवसांत परत मूळ स्वभावावर येतो. गोदामात सहा महिने पडणाऱ्या पट्टीसाठी बिनकामाचा.

एक करा. मेडिकलवाल्याकडून मुदत संपलेली शुगरची पट्टी घ्या आणि टोकाकडून ब्लेडने वरची फिल्म हळू सोला. खाली चिकट थर दिसेल, त्याला इंग्रजी यू सारखी खाच. ती खाच म्हणजेच वाहिनी. तिची उंची म्हणजे त्या चिकट टेपची जाडी, बाकी काही कोरलेलं नाही. तळाला काळे पट्टे, ती कार्बनची शाई. खाचेच्या आतल्या टोकाला वरच्या फिल्ममध्ये बारीक भोक किंवा चीर असते, तिथून हवा बाहेर जाते. ते भोक नसेल तर थेंब दारातच थांबतो, आत येतच नाही. सोललेली वरची फिल्म पालथी करून पाण्याचा थेंब टाका, तो गोळा न होता पसरतो. तिला पाणी ओढणारा लेप आहे. पंप, व्हॉल्व्ह काही नाही, केशाकर्षण सगळं करतं.

म्हणजे लागतं काय, तर पॉलिस्टर शीट, कार्बनची शाई, १०० मायक्रॉनच्या दुहेरी चिकट टेपचे दोन थर, पाणी ओढणारी फिल्म. शाई छापायला स्क्रीन प्रिंटिंगवाला लागतो. लग्नपत्रिका छापणारा चालेल, मात्र जाळी बारीक घ्यायला सांगा आणि शाई ओव्हनमध्ये भाजायची आहे हे सांगा. टेप कापायला स्टिकर कापणारा प्लॉटर.

युरीएझ ट्रेहॅलोज साखरेत मिसळून थेंब-थेंब टाकून वाळवायचं. ती साखर एन्झाइमला कोरडेपणात आणि उन्हाळ्यात सांभाळते. पाकिटात सिलिका जेलची पुडी.

सूक्ष्मदर्शी
सोमवार, रात्री ११:२०

एन्झाइम विकत घेताना शुद्धता आणि युनिट बघून घ्या. प्रयोगाला म्हणून सोयाबीनचं पीठही चालतं, त्यात युरीएझ भरपूर असतं. दुधात सोयाबीन किंवा तुरीचं पीठ घालून लाल लिटमस निळा होतो का बघायची घरगुती चाचणी एफएसएसएआयच्याच पुस्तिकेत आहे. कच्च्या पट्ट्या तपासायला स्वस्तात काम होईल. विकायच्या पट्टीत मात्र नको, दर पोत्याला जोर वेगळा.

कॅलिब्रेशन पाण्यात युरिया विरघळवून करू नका. दुधाचा पीएच वर गेला की कॅल्शियम फॉस्फेट द्रावणातून बाहेर पडतं आणि वाहकता थोडी खालीही येते. पाण्यातली रेषा दुधात बसणार नाही. एकाच गाईचं दूध घ्या, त्यात तोलून युरिया वाढवत न्या, आणि तेच नमुने प्रयोगशाळेतही तपासून घ्या. म्हशीसाठी हे सगळं परत.

संस्थेचा_सचिव
मंगळवार, सकाळी १०:००

वाचतुय चार दिवस झालं, आता बोलतो. आमची संस्था पलूस तालुक्यात, सकाळ-संध्याकाळ संकलन.

पहिलं म्हणजे वेळ. एका माणसाला अर्धं मिनिट मिळतं. तेवढ्यात वजन, फॅट, एसएनएफ, पावती. तुमची पट्टी १५ सेकंद म्हणते ती पसरायला, मग एन्झाइमचं काम वेगळं. सगळं धरून दोन मिनिटं लागली तर रांग रस्त्यावर जाईल, आणि पाठीमागनं बोंबलायला सुरुवात. दर माणसाला ही टेस्ट होणार नाही, नावच काढू नका. आमचा मार्ग असा हाय: सगळ्यांचं दहा-दहा मिली बाटलीत बाजूला राहतंय, नंबर टाकून. कॅनची एक टेस्ट करायची. कॅन मर्यादेत बसला तर विषय संपला. नाही बसला तर त्या कॅनमधल्या बाटल्या काढायच्या. दिवसाला मोजक्या पट्ट्यांत काम भागतंय.

दुसरं. आमच्याकडं भेसळवाला एकटा युरिया घालत नाही. दूध नासू नये म्हणून फॉर्मेलिन पण टाकतोय कुणी कुणी. त्याचं काय होणार तुमच्या पट्टीत?

ओघळ
मंगळवार, दुपारी ३:३०

सचिवसाहेब, या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रश्न. फॉर्मेलिनने एन्झाइम मरतं. युरिया कितीही असो, दोन्ही कप्प्यांत फरक पडणार नाही, आकडा शून्याजवळ येणार. भेसळीला चोख दाखला मिळाला.

पण दुधात नैसर्गिक युरिया असतोच, १०० मिलीला साधारण २० ते ४० मिलिग्रॅम. शून्य युरियाचं दूध कुठलीच गाय देत नाही. म्हणजे शून्य आलं की एकतर पट्टी खराब किंवा दुधात काहीतरी आहे. मग माहीत असलेल्या चांगल्या दुधाचा थेंब दुसऱ्या पट्टीला लावायचा. तिथं आकडा आला तर दोष दुधाचा. आय-स्टॅटच्या पुडीचं काम इथं गाईने आधीच करून ठेवलंय. फर्मवेअरमध्ये ७० च्या वर एक खूण करा आणि १० च्या खाली दुसरी.

कुपवाडचा_करंट
मंगळवार, रात्री ९:१५

हे डोक्यातच आलं नव्हतं. १० च्या खाली "परत तपासा" असं टाकतो.

आंबट_द्राक्ष
बुधवार, सकाळी ८:००

बरं, तुमची पट्टी चालली असं धरू. ७५ आलं. म्हणजे त्या शेतकऱ्याने युरिया घातला? सरकी पेंड जास्त झाली, कोवळा घास भरपूर खाल्ला, कुणी युरिया प्रक्रिया केलेला चारा घालतो, तरी दुधातला युरिया चढतो. गावात एकदा "हा भेसळवाला" असं नाव झालं की पुसत नाही. आणि कायद्यात तुमच्या पट्टीला किंमत काय? २००६ च्या कायद्यात नमुन्याचे चार भाग करून सील करायची पद्धत आहे, अन्न विश्लेषकाचा अहवाल लागतो. तुमचा आकडा फक्त गावगप्पांना.

सूक्ष्मदर्शी
बुधवार, दुपारी १:००

या मुद्द्यावर आंबट यांच्या बाजूने. चाळणी चाचणी आणि पक्की चाचणी यांत फरक असतो. पट्टीने फक्त "पुढे पाठवा" एवढंच म्हणावं. एक मात्र बघा, खाण्याने युरिया चढतो तो सहसा सगळ्या गोठ्यात हळूहळू चढतो. एकाच माणसाचं काल ३० आणि आज १२० असेल तर पेंडेवर ढकलता येत नाही. एका आकड्यापेक्षा मागच्या पंधरवड्याची रांग बघावी, आणि ती ठेवायला तुमचा मायक्रोकंट्रोलर आहेच.

संस्थेचा_सचिव
बुधवार, रात्री ८:२०

आंबट भाऊ बोलले ते सोळा आणे खरं. पण त्यातच मला दुसरं दिसतंय. आमच्याकडं पेंडेचा खर्च शेतकऱ्याला खातोय. पोतं महाग, आणि शेजाऱ्यानं घातली म्हणून हा पण घालतोय. युरिया चढलाय म्हणजे प्रोटीन वाया जातंय, असं आमचे जनावराचे डॉक्टर म्हणतात. मग हे मशीन पकडायला कशाला, पेंड कमी करायला वापरा की. शेतकरी स्वतः थेंब घेऊन येईल. पकडायला म्हणून आणलं तर पहिल्या आठवड्यात कुणीतरी मशीनवर पाणी वतणार, हे लिहून ठेवा.

ओघळ
गुरुवार, पहाटे ५:५०

हे जगभर करतात. तिकडे युरिया नायट्रोजनच्या भाषेत सांगतात, १०० मिलीला साधारण १० ते १६ मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न असतो. २.१४ ने गुणलं की युरिया, म्हणजे २१ ते ३४. याला अचूकता जास्त लागते, पकडायच्या कामापेक्षा जास्त. ७० ओलांडलं का एवढंच बघायला पाच-सात मिलिग्रॅमची चूक चालते. पेंड अर्ध्या किलोने कमी कर असं सांगायला दोन-तीनच्या आत पाहिजे. एकाच गोठ्याचे लागोपाठ चार-पाच दिवसांचे आकडे घेऊन सरासरी काढली तर पट्टी-पट्टीतला फरक बराच खाली येईल. पण एका घाण्यातल्या सगळ्या पट्ट्या सारख्या निघाल्या पाहिजेत. घाणा बदलला की नवा कोड, तो पाकिटावर छापायचा, मशीनने वाचायचा.

सोल्डरगन
गुरुवार, सकाळी ११:००

कोड पाकिटावर छापला की माणूस टाकायला विसरतो. पट्टीच्या मागच्या टोकाला कार्बनचाच एक जास्तीचा रेझिस्टर छापा, त्याची लांबी ब्लेडने छाटून व्हॅल्यू ठरवा. पट्टी खोचली की मशीन आधी तो वाचेल. खर्च शून्य.

कुपवाडचा_करंट
गुरुवार, रात्री १०:०५

मग सध्या असं धरतोय. दोन कप्पे, २०० मायक्रॉन, कार्बन, एसीवर फरक मोजायचा, खाली थर्मिस्टर, मागे रेझिस्टरचा कोड. डिस्प्लेवर नुसता आकडा, लाल-हिरवा दिवा नाही. मेमरीत सभासद नंबरवार साठवण. बोर्ड मी काढायला घेतला. विश्रामबागेत एक स्क्रीन प्रिंटिंगवाले आहेत, त्यांना कार्बनची शाई दाखवली तर म्हणाले, "काळी छपाई तर रोजचीच हाय, ओव्हन तुमचा आणा."

सचिवसाहेब, मोजलेला आकडा पावतीवर छापायचा का?

संस्थेचा_सचिव
शुक्रवार, सकाळी ९:३०

पावतीवर नको. पावती कट्ट्यावर पडलेली असती, कुणीपण उचलतंय. ज्याचा त्याच्या मोबाइलवर जाऊ दे. आणि ऐका, मशीन आणाल तेव्हा संध्याकाळच्या संकलनाला आणा. सकाळच्याला मला बोलायला पण सवड नसती.

आंबट_द्राक्ष
शुक्रवार, सकाळी १०:१५

मीही येतो. माझ्या दोन म्हशी आहेत, पेंड भरपूर घालतो. पहिला थेंब माझ्याकडून घ्या, बघू काय दाखवतंय.